अध्यक्ष नसलेली संस्था

संस्था म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम अध्यक्ष उभा राहतो. त्याच्यामागून चिटणीस, खजिनदार, घटना, घटनेतील त्रुटी आणि वार्षिक सभेतील हमरीतुमरी. त्यामुळे आमची अकरावीतली पुतणी जीवशास्त्राचे पुस्तक घेऊन आली आणि “काका, परिसंस्था म्हणजे काय हो? तुमच्या मराठीत सांगा ना,” असे म्हणाली, तेव्हा माझ्या मनात आधी आली ती आमच्या पेठेतल्या वाचनालयाची कार्यकारिणी! जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. पण शब्दाचा अर्थ विचारल्यावर मराठीच्या मास्तराने मागे हटायचे म्हणजे नाक कापल्यासारखेच. तिचे पुस्तक मी दोन दिवस ठेवून घेतले, आणि मग दिवाळीच्या सुट्टीत आणखी चार पुस्तके पालथी घातली.

‘इकोसिस्टिम’ हा शब्द आर्थर टॅन्सले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली रूढ केला. त्याआधीचे पंडित प्राणी आणि वनस्पती यांच्या समूहाचा विचार करीत. माती, पाणी, हवा, ऊन ही जणू नाटकाच्या मागचा पडदा. टॅन्सलेने सांगितले की हा पडदा नव्हे, ही पात्रेच आहेत. तळ्यातला मासा आणि तळ्यातले पाणी यांचा हिशोब वेगवेगळ्या वह्यांत मांडता येत नाही. सजीव आणि निर्जीव मिळून जे एक चालते घर होते, ती परिसंस्था. एवढे समजले की तळे, माळरान, जंगल, फार काय, गच्चीतली तुळशीची कुंडीसुद्धा या व्याख्येत बसते.

या घरातली माणसे तीन तऱ्हेची. उत्पादक, भक्षक आणि विघटक. शब्द जरा कारखानी वाटतात, पण चांगले आहेत. उत्पादक म्हणजे हिरवी झाडे, गवत, शेवाळ. सूर्याच्या उन्हातून अन्न तयार करण्याची विद्या मुख्यतः यांनाच अवगत. बाकी आपण सारे नाकतोड्यापासून प्राध्यापकापर्यंत खाणारे, म्हणजे भक्षक. आणि मेलेल्याची माती करणारे जिवाणू व बुरशी हे विघटक.

गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप आणि सापाला मोर. ही झाली अन्नसाखळी. पण या साखळीत एक मोठी गळती आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे रेमंड लिंडमन नावाचा तरुण एका लहानशा तळ्याचा जमाखर्च वर्षानुवर्षे मांडत होता. या तळ्यात ऊर्जा येते किती, कोण किती घेतो आणि पुढे किती पोचते, हा त्याचा प्रश्न. त्याचा निबंध परीक्षकांनी पहिल्याने परत पाठवला. तो छापून आला १९४२ साली, आणि त्याच वर्षी तो छापून येण्यापूर्वीच लिंडमन वारला. वयाची सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आज जीवशास्त्राचे प्रत्येक पोर जो दहा टक्क्यांचा ढोबळ नियम पाठ करते, तो याच कामातून पुढे रूढ झाला. गवतात दहा हजार कॅलरी असतील, तर नाकतोड्याच्या अंगी लागतात सुमारे हजार, बेडकाच्या शंभर, सापाच्या दहा आणि मोराच्या एक. बाकीची ऊर्जा जगण्यात, धावण्यात आणि उष्णतेत खर्च होते. पगाराच्या तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत आमच्या घरी जे होते तेच! म्हणूनच जंगलात हरणे पुष्कळ आणि वाघ मोजके.

ऊर्जा अशी एका वाटेने येते आणि निघून जाते, परत येत नाही. कर्ब, नत्र, स्फुरद ही द्रव्ये मात्र फिरतात. शेजारणींमध्ये फिरणारी विरजणाची वाटी आठवा. ती कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही, पण ती कुणाच्या तरी घरी अडकून राहिली की सगळ्यांचे दही अडते.

ती वाटी अडकल्याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. ते गिधाडांचे आहे. “दिवाळी अंकात गिधाडं कसली लिहिताय?” असे आमच्या घरातून विचारण्यात आले. प्रश्न रास्त आहे. भाषेनेही या पक्ष्याला कधी न्याय दिला नाही. टपून बसण्यासाठी आणि लचके तोडण्यासाठी आपल्याला गिधाडच आठवते. एका जटायूला तेवढे आपण मानाने वागवले.

गिधाड हे मृतभक्षक. मेलेल्या गुराचा थवा फडशा पाडी आणि मागे हाडे तेवढी राही. त्याच्या जठरातले आम्ल इतके जहाल की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. गावोगावच्या ढोरफोडीच्या जागी हे काम कुणाचेही वेतन न घेता चालले होते. मग १९९० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांच्या ध्यानात आले की भरतपूरच्या अभयारण्यातली गिधाडांची घरटी झपाट्याने कमी होत आहेत आणि झाडांवर मान टाकून बसलेली गिधाडे मरत आहेत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची गणती १९९२ पासून २००७ पर्यंत पडताळली, तेव्हा हजारात एक उरले होते.

आधी संशय होता विषाणूचा. उत्तर मिळाले २००४ साली, पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोषी आहे डायक्लोफिनॅक, आपण गुडघेदुखीला घेतो तेच औषध. ते स्वस्त झाले आणि गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. औषध दिल्यानंतर लवकरच दगावलेल्या गुराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभर मृत गुरांतील एकाच्या अंगात जरी हे औषध असले, तरी एवढा संहार व्हायला पुरे होते. एका शवावर पन्नास-पन्नास पक्षी जेवायला बसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हिशोब कळतो.

शवे मात्र पडतच राहिली. ती खायला आली मोकाट कुत्री, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळ रोगाची धास्ती. कुजणारी शवे पाण्यालगत टाकली जाऊ लागली. ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जिथे गिधाडे पूर्वी भरपूर होती आणि जिथे मुळातच कमी होती अशा जिल्ह्यांतले मृत्यू ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा त्यांचा अंदाज. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दोखम्यांना तर गिधाडांवाचून सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांचा आधार घ्यावा लागला. शतकानुशतकांचा अंत्यविधी एका इंजेक्शनापायी अडला!

पुतणीला मी हेच सांगितले. ती पेन्सिल चावत म्हणाली, “मग काका, गिधाड परीक्षेत कुठे लिहायचं? भक्षकात की विघटकात?” मी म्हटले, “भक्षकात. पण विघटकांचं निम्मं काम तेच हलकं करतं, हेही लिही.” त्या जादा वाक्याला गुण मिळतील की नाही, ते तपासणाऱ्यावर अवलंबून. आमच्या खात्यात तरी मी दिले असते.

गुरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर भारत सरकारने २००६ साली बंदी घातली. पण माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या कुप्यांचा आकार तीन मिलिलिटरपुरता मर्यादित केला. गुरांच्या शरीरात गेल्यावर ज्याचे डायक्लोफिनॅकच होते, त्या ॲसिक्लोफिनॅकवर आणि कीटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध मधल्या काळात उपलब्ध होतेच. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास करणारे केंद्र चालते. तिथल्या पक्ष्यांना वाढवायला घाई करून चालत नाही. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि त्यातून निघालेले पिल्लू स्वतः अंडी घालण्याजोगे व्हायला पाचेक वर्षे जातात.