दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वीचा हिशेब

बार्शीटाकळीत आमच्या शेजारच्या कापडदुकानातील तरुणाचे कबड्डीत तुटलेले गुडघ्याचे लिगामेंट शस्त्रक्रियेने नवे बसविले. तरीही माळ्यावरून ठाण उतरविताना गुडघा निसटतोच. ‘आता पुन्हा शस्त्रक्रिया?’ वडिलांचा हा प्रश्न रास्त आहे.

थकलेल्या कर्जाची फेरमांडणी करण्यापूर्वी ते का थकले, हे आम्ही बँकेत आधी पाहत असू. येथेही तोच नियम. एमआरआयबरोबर एक्स-रे व सीटी स्कॅन पाहून कारण शोधावे लागते. हाडातील छिद्र चुकीच्या जागी असेल, तर नवे पाडून दुसरी कंडरा बसवितात. जुने छिद्र फार रुंदावले असेल, तर आधी त्यात हाड भरतात व काही महिन्यांनी कंडरा बसवितात. नडगीच्या माथ्याचा उतार सुमारे १२ अंशांहून अधिक असल्यास हाड कापून तो कमी करण्याचा विचार होतो. वळताना गुडघा फिरत असेल, तर बाहेरच्या बाजूने पट्टीचा जादा आधार देतात. गादी फाटली असल्यास तीही सांधतात.

खेळ सोडणाऱ्या काहींचे व्यायामावरही भागते; परंतु वारंवार निसटणारा गुडघा दुर्लक्षिल्यास गादी व कूर्चा झिजतात. म्हणून खर्च विचारण्याआधी शल्यविशारदांना एवढेच विचारावे : ‘पहिली शस्त्रक्रिया का फसली?’ उत्तर स्पष्ट मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नये.