परदेशातला अपघात आणि इथला कायदा



‘परदेशात जखमी झालेल्या कामगाराला भारतात दाद नाही’ हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात 1995 साली दुरुस्ती झाली. भारतात नोंदलेल्या कंपनीने परदेशातल्या कामासाठी भरती केलेला माणूस तेव्हापासून त्यात आला. अपघात मस्कतला झाला तरी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या भागातील आयुक्तांपुढे दावा चालू शकत होता. आता हा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून तिथेही परदेशातल्या अपघातांची तरतूद आहे.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मी घरात पाहिली. माझा भाऊ आयटीआय झालेला वेल्डर. ओमानमध्ये पायाडावरून पडला, मणका गेला. मालक तिथलाच, म्हणून इथला कायदा लागू नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत कायमच्या अपंगत्वाने नोकरी गेल्यास 10 लाख रुपये मिळतात. दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये. पण हा विमा सक्तीचा आहे तो उत्प्रवास परवाना लागणाऱ्या पासपोर्टवाल्यांनाच. त्याच्यासारख्या दहावी पास मुलाला तो परवाना लागत नाही, म्हणून विमाही कुणी काढायला लावत नाही. शिकला, म्हणून उघड्यावर पडला!

अमेरिकेने 1941 पासून परदेशातल्या आपल्या लष्करी तळांवरच्या कंत्राटी कामगारांचा विमा मालकावर बंधनकारक केला आहे. त्यात भारतीय कामगारही येतात. आपल्या सरकारने निदान विम्याच्या सक्तीतली ही दहावीची अट काढावी. तोवर नागपुरातल्या मुलांनी विमानात बसण्याआधी विम्याचा कागद हातात घ्यावा.

एका वेल्डरचा भाऊ, इंदोरा, नागपूर