कचारगडच्या दाराशी दोन भाषा

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, धनेगावाजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही माणसे येतात. कथा अशी: काली कंकालीची 33 मुले या गुहेत कोंडली गेली होती. गोंडांचा गुरू पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला, वादक हिरासुका पाटालीरने सूर छेडले आणि दारावरची शिळा हलली.

‘शिळा किती टनांची होती?’ हा भूवैज्ञानिकाचा प्रश्न. तो रास्तच आहे, पण गुहेच्या खडकाविषयी; कथेविषयी नाही.

विज्ञानाची भाषा आणि काव्याची भाषा यांतला हा फरक इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी 1920च्या दशकात मांडला. विज्ञानाची भाषा वस्तूकडे बोट दाखवते. तिचे विधान पडताळता येते. काव्याची भाषा भावना आणि वृत्ती जागवते. आपल्याकडे काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकातच शब्दाच्या सरळ अर्थापलीकडचा सूचित अर्थ, म्हणजे ध्वनी, काव्याचा आत्मा मानला होता.

तरी रिचर्ड्स इथे अपुरे वाटतात. लिंगोच्या कथेत केवळ भावना नाही, समाजाची मांडणीही आहे: सुटलेल्या मुलांना त्याने शिकवले, गोत्रांत बांधले. लग्न कुठे जुळेल, कुठे नाही, हे त्या गोत्रांवरून आजही ठरते.

म्हणून या कथेला ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकणे चूक. आणि शिळा सुरांनी हलल्याचे ‘वैज्ञानिक’ पुरावे शोधत बसणे, हीसुद्धा तितकीच मोठी चूक. दोन्हीकडे हिरासुकाचे वाद्य ऐकायचेच राहून जाते.