दादा नांवाची बहीण

टांझानियांत बिऱ्हाड थाटलें त्या पहिल्याच आठवड्यांत माझी फजिती झाली ती नात्यांच्या शब्दांनीं. तेथील स्वाहिली भाषेंत ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘मामा’ म्हणजे आई. ‘बाबा’ तेवढा आपल्यासारखाच बाबा! शेजारीण कुंपणापाशीं उभी राहून ‘दादा, दादा’ अशी हांक मारूं लागली, तेव्हां मागें कोणी पुरुषमाणूस उभें आहे कीं काय म्हणून मीं वळून पाहिलें. पुढें तीन वर्षें मी तिची दादा होतें आणि ती माझी. परंतु या नात्याचा खरा अर्थ मला कळला तो माझ्या हातून तिचें नुकसान झालें तेव्हां. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आमचें खेडें टांगा प्रांतांत, मुहेझाच्या बाजूस. टांगा हें हिंदी महासागरावरील बंदर. त्या भागांत १८९३ सालीं जर्मन अमदानींत घायपाताची लागवड सुरू झाली, आणि तशाच एका मळ्यावर यंत्रांची देखरेख यजमानांकडे होती. नारळ, आंबा, फणस, केळ. कोंकणांत वाढलेल्या मुलीला परकें वाटावें असें अंगणांत कांहींच नव्हतें. परकी होती ती भाषा. आणि तिच्यांतहि ‘दुका’, ‘गारी’, ‘चपाती’, ‘लाकी’ हे आपल्या दुकान, गाडी, चपाती, लाख यांचे नातलग भेटत.

घरीं भट्टी नव्हती आणि पाव मिळे तो दूरच्या बाजारांत. शेजारणीनें मला ‘म्काते वा कुमिमिना’, म्हणजे ओतून केलेला पाव, करावयास शिकविलें. तांदूळ रात्रभर भिजवावे. सकाळीं नारळाच्या दाट दुधांत गंधासारखे बारीक वाटावे. त्यांत साखर, वेलदोडा आणि थोडें खमीर घालून पीठ फुगूं द्यावें. मग तेल लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यांत तें ओतून मंद निखाऱ्यांवर ठेवावें, आणि वर जाळी पडली कीं झांकणावरहि निखारे घालावे. खालीं थोडे, वर अधिक, हें त्यांतील मर्म. कित्येक जणी त्यांत अंडें घालतात. परंतु त्यावांचूनहि पाव उत्तम होतो. नारळ खवण्याचें साधन पाहून तर मला माहेर आठवलें: बसावयास लांकडी बैठक आणि पुढें दांतेरी पातें. त्याला तेथें ‘म्बुझी’, म्हणजे बकरी, म्हणतात! माझी आजी असेच वर-खालीं निखारे ठेवून तवशाचें धोंडस करीत असे, हें मीं सांगितलें तेव्हां शेजारीण म्हणाली, “मग तुझी आजी आमचीच.”

या शिक्षणाची फेड म्हणून मी तिला शिवण शिकवूं लागलें. तिकडे शिवणकाम बहुधा पुरुषांचें. दुकानाच्या पडवींत पायानें चालवावयाचें यंत्र मांडून ‘फुंदी’, म्हणजे कारागीर, बसलेला असतो. माझ्यापाशीं पुण्याच्या शिवणवर्गाचें प्रशस्तिपत्र असल्यामुळें गुरुपदाचा थोडा तोराहि होता.

त्या वर्षीं तिची थोरली मुलगी सातवीची परीक्षा उतरून माध्यमिक शाळेस निघाली. टांझानियांत सरकारी प्राथमिक शाळांची फी २००१ सालीं माफ झाली आणि २०१६ पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या चार इयत्तांचीहि. परंतु गणवेश पालकांनींच करावयाचा. शेजारणीनें अंडीं विकून सांठविलेल्या पैशांचें निळें सुती कापड आणलें आणि मोठ्या विश्वासानें माझ्या हातीं दिलें.

“कोरें कापड आधीं भिजवून, वाळवून, मगच कातर लावावी,” हें सासूबाईंचें सांगणें मीं शेंकडों वेळां ऐकलें आहे. त्या दिवशीं घाईंत तें मी विसरलें. शिवाय कापड वांचविण्याच्या नादांत खालची दुमडहि बोटभरच ठेविली. स्कर्ट झाला सुरेख. पण पहिल्याच धुण्यांत असा आटला कीं गुडघ्याच्या वर चढला. शाळेचा नियम गुडघा झांकण्याचा, आणि शाळा उघडावयास १२ दिवस उरलेले.

मीं तत्काळ पैशांचें पाकीट काढलें. शेजारणीचा चेहरा उतरला. “कापड आटलें तें मीं सोसलें असतें,” ती हळूच म्हणाली, “पण तूं मला परकें केलेंस.”

दोन दिवस ती कुंपणापाशीं आली नाहीं. त्या दोन दिवसांत मला माझाच हिशेब दिसला. तिनें दिलेला नारळ, शिकविलेली पाककृति, सुधारलेला शब्द, प्रत्येकाची मनांत किंमत मांडून मी परतफेड करीत आलें होतें. कोणाचें देणें अंगावर राहूं द्यावयाचें नाहीं, याचा मला अभिमान वाटे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मला हें कळूं नये! आजारपणांत जावेनें आपलें मूल सांभाळलें म्हणून आपण तिच्या हातावर रुपये ठेवतों काय?

तिसऱ्या दिवशीं मी रिकाम्या हातांनीं गेलें आणि म्हणालें, “दादा, चूक माझी आहे. वाट तूं सांग.” ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “आज रात्रीं तांदूळ भिजवूं.”

तांदूळ तिचे, साखर माझी, शेगड्या दोन्ही घरच्या. आठवड्याच्या बाजारांत आमचा पाव दुपारपूर्वींच संपला. त्या पैशांतून नवें कापड आलें, तें प्रथम बादलींत भिजलें आणि दोरीवर वाळलें. या वेळीं कातर तिनें धरिली. मीं केवळ खडूच्या रेघा आंखल्या. आटलेला स्कर्ट धाकटीला अगदीं बेताचा बसला, आणि थोरली वेळेवर शाळेस गेली.

आम्हीं तें गांव सोडलें तेव्हां शेजारणीनें एक कांगा आणली. हें तेथील स्त्रियांचें वस्त्र: सुमारें दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, चोहों बाजूंस कांठ आणि खालच्या कांठापाशीं छापलेलें एक वाक्य. गुजरातेंत जेतपुरास छापलेल्या कांगाहि तिकडे जातात. दोन नग अखंड जोडीनें विकतात. कापून कडा आपण तुरपावयाच्या. त्या कांगेवर म्हण होती, ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’: थोडें थोडें करून माप भरतें, आपलें ‘थेंबें थेंबें तळें सांचे’ तेंच. जोडी आम्हीं मधोमध कापली. एका नगाच्या कडा मीं तुरपल्या, दुसऱ्याच्या तिनें. मग नगांची अदलाबदल केली. तिनें तुरपलेला नग आज माझ्या कपाटांत आहे, आणि त्याचे टांके माझ्याहून सरळ आहेत.

भगिनींनो, येत्या जूनमध्यें मुलींच्या गणवेशाचें कापड घरांत येईल, तेव्हां तें आधीं भिजवा आणि वाढत्या मुलीच्या स्कर्टास चार बोटें दुमड ठेवा. शेजारघरून आलेली वाटी मात्र त्याच दिवशीं भरून धाडण्याची घाई करूं नका. पुढील अंकीं याच पावाचें प्रमाण, आपल्या घरगुती शेगडीस जमेल अशा बेतानें, देण्याचें योजिलें आहे.