गावाचं ग्रंथालय : पुस्तकांआधी गावाला विचारूया

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. कपाटातली पुस्तकं बाहेर येतात, मुलं रांगेत बसून वाचतात, फोटो निघतात, अहवाल जातो. बऱ्याच शाळांत १६ तारखेला कपाटाला पुन्हा कुलूप लागतं. दोष कुणा एका शिक्षकाचा नाही. ते कपाट गावाने मागितलेलं नसतं. ते वरून आलेलं असतं, आणि वरून आलेल्या वस्तूची काळजी वरच्यांनीच घ्यावी असं गावाला वाटलं तर त्यात चूक काय?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, माझं म्हणणं साधं आहे. खेड्यात ग्रंथालय करायचं तर पुस्तकं हा दुसरा टप्पा. पहिला टप्पा गावाला विचारण्याचा. आणि विचारायचं म्हणजे नुसतं मत घ्यायचं नाही, तर जागा, वेळ, किल्ली आणि पुस्तकांची निवड हे निर्णय गावाच्या हाती द्यायचे.

कुडपणसारख्या गावाचा विचार करू

पोलादपूर तालुक्यातलं कुडपण सह्याद्रीच्या कुशीत आहे. पावसाळ्यात तिथला धबधबा आणि भीमाची काठी नावाचा सुळका बघायला लांबून लोक येतात. आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरी गावांचं चित्र आपल्याला माहीत आहे. वाड्या एकमेकींपासून लांब. चार महिने धो धो पाऊस. कमावती माणसं मुंबईला किंवा सुरतेला, गावात म्हातारी माणसं, बाया आणि थोडी मुलं. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं, नंतर पुन्हा शांत होतं.

अशा गावात शाळेचा पट कमीच राहतो. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय २०२३ मध्ये राज्यात निघाला, तेव्हा डोंगरी भागातल्या पालकांच्या पोटात गोळा आला होता. त्याच्या बऱ्या-वाईटात इथे जात नाही. पण ग्रंथालयाच्या दृष्टीने एक प्रश्न उरतोच. गावातलं एकमेव ग्रंथालय म्हणजे शाळेतलं कपाट असेल, तर शाळा हलली की ते कपाटही हलणार. गुरुजींची बदली झाली तरी तेच. किल्ली नव्या शिक्षकाकडे जाते, पण कुठल्या मुलाला काय आवडतं हे जुन्या शिक्षकाबरोबरच जातं. ग्रंथालय गावाचं असेल तर ते गावात राहील. माझ्या मते खरी निकड इथे आहे.

कायद्यात लोक आहेत, व्यवहारात नाहीत

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकार स्वतः चालवत नाही. नोंदणी केलेल्या संस्था ती चालवतात, आणि सरकार अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान देतं. म्हणजे ग्रंथालय लोकांनी चालवायचं हे मुळातच गृहीत आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत असं लिहिलेलं आहे. त्याच कायद्याने आलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. पण खरं सांगा, पुस्तकांची यादी ठरवताना यातल्या किती जणींना कुणी विचारतं? सही घ्यायला मात्र आपण घरापर्यंत जातो.

कागदावरचं ‘सार्वजनिक’ आणि प्रत्यक्षातलं ‘सार्वजनिक’ यातलं अंतर महाडकरांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरी तळ्याचं पाणी प्रत्यक्ष हातात घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तेही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो माणसं चालत तळ्यावर गेली तेव्हा. ठराव झाला म्हणजे दार उघडलं असं होत नाही, हा धडा आपल्या तालुक्याच्या शेजारचाच आहे.

ग्रंथालयाची जागा ठरवताना तो आठवावा. देवळाच्या सभामंडपात कपाट ठेवलं तर गावातलं कोण येणार नाही? कुठल्या वाडीतल्या माणसाचा पाय पायरीवर अडखळेल? महिन्यातले चार दिवस बाया येतील का? सरपंचांच्या पडवीत ठेवलं तर विरोधी गटाची मुलं येतील का? कातकरी वाडीतलं मूल शाळेत येतं, पण त्याची आई शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसेल का? ही उत्तरं तालुक्याच्या कार्यालयात मिळत नाहीत. ती वाडीवर जाऊन, जमिनीवर बसून विचारावी लागतात.

दोन उदाहरणं, आपल्याच माणसांची

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची उभारणी सुरू केली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यांत फिरवली जायची. त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती पैशाची रीत. गावाने आपला वाटा जमवला की प्रांत पंचायत आणि सरकार त्यात आपापली भर घालणार. राजाला सगळे पैसे देता आले असते. पण गावाच्या खिशातून चार पैसे गेले की गाव विचारतं, “आमचं पुस्तक कुठं आहे?” हा प्रश्न विचारणारं गाव तयार करणं हेच मोठं काम होतं.

दुसरं उदाहरण डोंगरापलीकडचं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं, की पाचगणीच्या वाटेवर भिलार लागतं. ४ मे २०१७ ला ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. पुस्तकं आणि कपाटं राज्य मराठी विकास संस्थेमार्फत आली, कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वे गावावरून सुचलेली. पण जागा दिली गावकऱ्यांनी. कुणी घरातली खोली दिली, कुणी लॉजमधली, कुणी देवळातली. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं होती, एकेका घरात एकेका प्रकारची. वाचक दारातून आत येतो आणि घरचं माणूस त्याला ‘या, बसा’ म्हणतं. हे सरकारी आदेशाने होत नाही.

पण इथे एक सावधगिरी. कुडपणला पर्यटक येतात म्हणून ‘चला, दुसरं भिलार करू’ असं कुणालाही वाटेल. भिलारची नक्कल नको. पाहुण्याला दाखवायचं ग्रंथालय आणि घरच्या माणसाच्या उपयोगाचं ग्रंथालय यात फरक आहे. आधी आपल्या वाडीतल्या आजीला उपयोग होऊ दे, पाहुणा नंतर येईलच.

गावाला चालवता येतं का? सप्ताह बघा

‘गावाच्या हातात दिलं तर चालणार नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हरिनाम सप्ताह आठवावा. सात दिवस अखंड वीणा खाली ठेवायची नाही. रात्री दोनला कुणाचा पहारा, पहाटे चारला कुणाचा, हे ठरलेलं असतं. वर्गणी घरटी जमते, जेवणाच्या पंगती वाटून घेतल्या जातात, मुंबईचं मंडळ रक्कम पाठवतं, शेवटी हिशेब वाचला जातो. यासाठी कुणी जीआर काढलेला नसतो. रात्री दोनला उठून वीणा घेणाऱ्या गावाला आठवड्यातून दोन संध्याकाळी कपाट उघडणं जड नाही. फक्त ते काम आपलं वाटलं पाहिजे.

म्हणून माझ्या सूचना सप्ताहाच्या धर्तीवरच आहेत.

१. प्रश्न नीट विचारा. ‘तुम्हाला कोणती पुस्तकं हवीत?’ हा प्रश्न बहुतेक वेळा वाया जातो. ज्याने कधी पुस्तकांतून निवडलंच नाही तो काय सांगणार? त्यापेक्षा असं विचारा : गेल्या महिन्यात कुठला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला? मोबाइलवर काय बघता? पोराला कशाचं वेड आहे? संध्याकाळी मोकळीक कधी मिळते? या उत्तरांतून यादी तयार होते. कुणाला सातबारा समजून घ्यायचा असतो, कुणाला शेळीच्या आजारावर काही हवं असतं, कुणाला अभंगांचं मोठ्या अक्षरातलं पुस्तक.

२. किल्ली तिघांकडे द्या. एक बचत गटातल्या ताईंकडे, एक तरुण मुलाकडे किंवा मुलीकडे, एक शाळेत. एक गावाला गेला तरी कपाट उघडेल.

३. वेळ लोकांची. लावणीच्या दिवसांत दुपारी कोण येणार? पावसाळ्यात वेगळी वेळ, उन्हाळ्यात वेगळी. लांबच्या वाडीला पिशवीतून पंधरा-वीस पुस्तकं पाठवा, महिन्याने बदला. बडोद्याची पेटी आपल्याकडे पिशवी होऊ शकते.

४. मुंबईकरांना यादी पाठवा. चाकरमानी मंडळी मनाने उदार असतात. पण न विचारता मदत मागितली की जुन्या गाइडांचे आणि कालबाह्य पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे येतात. गावाने ठरवलेली २५ पुस्तकांची यादी मंडळाच्या ग्रुपवर टाका. गणपतीला येताना एकेका घराने एक आणावं.

५. हिशेब वाचा. वर्षातून एकदा ग्रामसभेत तीन गोष्टी सांगा : काय मागितलं होतं, काय आलं, काय आणता आलं नाही आणि का. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विचारून मग काहीच कळवलं नाही तर पुढच्या वेळी लोक तोंड उघडत नाहीत.

६. पुस्तकं पावसाळ्यातून वाचवा. बुरशी आणि वाळवी कुणाला विचारून येत नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की पुस्तकं अंगणात काढा. मुलांना आणि आयांना बोलवा. पाटीपूजनाच्या दिवसांत हे काम शोभतंही.

‘आधुनिक’ म्हणजे नेमकं काय?

आधुनिक ग्रंथालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संगणकांची रांग येते. डोंगरी गावात रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, तिथे ती रांग धूळ खाईल. माझ्या मते आधुनिक सेवा म्हणजे माणसाची आजची गरज भागवणारी सेवा. तालुक्याला गेल्यावर एका टॅबमध्ये किंवा फोनमध्ये बालभारतीची पुस्तकं उतरवून आणता येतात. मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वापरता येईल असा साठवून ठेवता येतो. स्टोरीवीव्हरवर मुलांसाठी मोफत मराठी गोष्टी आहेत, त्या छापूनही घेता येतात. शिष्यवृत्तीचा आणि पीक विम्याचा अर्ज भरायला मदत करणारी दहावी-बारावी झालेली मुलगी हीसुद्धा ग्रंथालयाची सेवाच आहे.

आणि एक सेवा उलट्या दिशेची. गावाकडे जे आहे ते ग्रंथालयात आणायचं. रानभाज्यांची नावं, जात्यावरची गाणी, झऱ्यांच्या जागा, जुन्या वाटा, भीमाच्या काठीची आख्यायिका आजी-आजोबांच्या तोंडून मुलांनी मोबाइलवर रेकॉर्ड करावी, वहीत उतरवावी. २२ जुलै २०२१ ला तळियेची दरड कोसळली. त्या पावसाने महाड-पोलादपूरला पुष्कळ शिकवलं. पूर्वी कुठे जमीन खचली होती, कुठल्या ओढ्याने वाट बदलली होती, ही आठवण गावातल्या वृद्धांकडे असते. ती लिहून ठेवणारी वही कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ज्या कपाटात आपल्या आजोबांनी सांगितलेलं आहे, ते कपाट मुलं बंद पडू देणार नाहीत.

शंका येतील, येऊ द्या

‘पुस्तकं हरवतील.’ काही हरवतील. पण कुलपात सडलेलं पुस्तकही हरवलेलंच असतं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यांत पहिलं स्थान वापराला दिलं, राखणीला नाही.

‘गटबाजी होईल.’ होऊ शकते, म्हणून तर किल्ल्या तीन. आणि गटबाजीच्या भीतीने गावाला विचारायचंच नाही असं ठरवलं तर मग कुठलंच काम होणार नाही.

‘शिक्षकाने आणखी किती कामं करायची?’ ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. ऑनलाइन माहिती भरता भरता आपला जीव जातो. पण हे काम नीट झालं तर शिक्षकाचं ओझं कमी होतं. आज ग्रंथालय एकट्या गुरुजींच्या खांद्यावर आहे, ते गावाच्या खांद्यावर जाईल. सुरुवात आपण करायची, मालकी मात्र आपली ठेवायची नाही. हे आपल्याला जरा जड जातं, कारण किल्ली सोडायची आपल्याला सवय नाही.

पालकांनाही एक सांगणं. ‘शाळेने काही केलं नाही’ म्हणण्याआधी समितीच्या बैठकीला या आणि मागा. तुमच्या मागण्याला कायद्याचा आधार आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत फक्त एक विषय घ्या : ‘ग्रंथालय कुठे, कधी आणि कुणाकडे?’ पहिलं बोलणं आयांना करू द्या. शिक्षकांनी त्या दिवशी फक्त लिहून घ्यावं. जे लिहिलं जाईल त्यातली एक गोष्ट महिन्याभरात करून दाखवा, आणि मग दुसऱ्या बैठकीला बोलवा. त्या बैठकीला माणसं जास्त येतील.