फ्रीझरचं सँडविच, घरचं सँडविच आणि गुरुवारची लाइट

परवा सकाळी साडेसहाला मुलीला क्लासला सोडायला निघालो, तर डबा नाही. बायकोची नाईट ड्युटी, मी रात्री दोनपर्यंत बातम्यांत. घरात ब्रेड होता, बटाटे होते, पण हात लावायला कोणी नव्हतं. स्टँडसमोरच्या एका दुकानात नवीन डीप फ्रीझर आलाय. त्यातलं चीज-कॉर्न सँडविच घेतलं, दुकानदाराने मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवलं, साठ रुपये दिले. पोरीने अर्धं खाल्लं. म्हणाली, "बाबा, कडा चामड्यासारख्या आणि मधे जीभ भाजते." उरलेलं अर्धं मी संपवलं. खरं सांगतो, अगदीच वाईट नव्हतं.

हे वाचून काही मंडळी लगेच लिहिणार की हल्लीच्या बायकांना स्वयंपाक नकोच असतो. त्यांना आधीच हात जोडतो. त्या दिवशी आमच्या घरात सँडविच न करणारा माणूस मी होतो. "घरचं" हा शब्द आपण फार सहज वापरतो, पण त्याच्यामागे पहाटे पाचला उठणारी कोणीतरी बाई आपण गृहीत धरलेली असते.

तर रविवारी मीच केली. चार सँडविच. बटाटे रात्रीच उकडून ठेवले. कोथिंबीर, मिरची, लसूण, जिरं, लिंबू यांची चटणी. काकडी, टोमॅटो, बीट, वर चाट मसाला. ब्रेडला दोन्ही बाजूंनी लोणी अगदी काठापर्यंत. हे लोणी नुसतं चवीला नसतं बरं का, त्याच्यामुळे टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. ज्यांचं सँडविच डब्यात लगदा होतं त्यांनी लोण्यात कंजुषी केलेली असते. सगळा खर्च काढला तर एकाला वीस रुपयेसुद्धा पडले नाहीत. वेळ पंचवीस मिनिटं, भांडी वेगळी. म्हणजे साठातले चाळीस रुपये आपण त्या पंचवीस मिनिटांचे आणि भांड्यांचे देतो. कोणाला ते परवडत असेल आणि गरज असेल तर मी नाक मुरडणार नाही.

पण फ्रीझरच्या सँडविचमध्ये काकडी-टोमॅटो का नसतो, याचा विचार केलाय? काकडी गोठली की आतल्या पाण्याचे स्फटिक होतात, पेशी फाटतात, आणि ती वितळली की पाणी सुटून मऊ पडते. म्हणून तिथे चीज, मका, पनीर, बटाट्याचं सारण, एवढंच. ब्रेडला मात्र गोठवणं मानवतं. उलट साध्या फ्रीजमध्ये ठेवलेला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो.

एक गंमत सांगतो. अमेरिकेत शेंगदाण्याचं लोणी आणि जॅम भरून, कडा कापून, चारी बाजूंनी दाबून बंद केलेलं सँडविच फ्रोझन विकतात. 1999 मध्ये त्याचं पेटंटसुद्धा मिळालं होतं! पुढे 2005 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने कंपनीचे आणखी पेटंटचे अर्ज फेटाळले. आपल्याकडे करंजीच्या कडा दाबणाऱ्या आज्यांना कोणी विचारलंच नाही.

असो. माझा खरा मुद्दा चवीचा नाही, लाइटचा आहे.

फ्रोझन माल उणे 18 अंश किंवा त्याच्याही खाली ठेवायचा असतो. कारखान्यात तो ठेवतही असतील, गाडीतही असेल. पण आपल्या गावात? दर गुरुवारी देखभालीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत लाइट बंद. शिवाय बिल वाचवायला रात्री फ्रीझर बंद करून जाणारे दुकानदार मी डोळ्यांनी पाहिलेत. माल अर्धवट वितळतो, सकाळी परत गोठतो. गोठल्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. पाकिटावर तारीख चार महिन्यांनंतरची असते, पण ती तारीख उणे 18 च्या हिशोबाने छापलेली असते, आपल्या गुरुवारच्या हिशोबाने नाही. पाकीट घेताना दाबून बघा. आत बर्फाचा थर किंवा मोठे खडे असतील, सँडविच वेडंवाकडं चिकटलेलं असेल, तर ते एकदा तरी वितळलेलं आहे असं समजा आणि परत ठेवा.

घरचं म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. उकडलेला बटाटा आणि ओली चटणी घातलेलं सँडविच एप्रिलच्या उन्हात पाच तास दप्तरात राहिलं तर ते घरचं असून काय उपयोग? 5 ते 60 अंश या टप्प्यात जंतू वाढतात, आणि आपला उन्हाळा त्याच्या बरोबर मधे बसतो. उन्हाळ्यात पोळीला शेंगदाण्याची चटणी आणि तूप लावून गुंडाळी द्या. आपलं सगळ्यात जुनं सँडविच तेच आहे, आणि ते संध्याकाळपर्यंत टिकतं.

आता गावाच्या कारभाराबद्दल. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा केंद्राचा 2020 चा नियम आहे. आपल्या शाळांच्या फाटकासमोर टेप लावून मोजायची कोणाची तयारी आहे का? दुसरं, ज्याच्याकडे फ्रीझर आहे त्याने गिऱ्हाइकाला दिसेल असा थर्मामीटर बाहेर लावावा. किरकोळ खर्चाचं काम आहे. तिसरं, स्टँडवरचा जो गाळा दोन वर्षं कुलूप लावून पडलाय तो बचत गटाच्या बायकांना सकाळी सहा ते दहा द्या. लहान घरगुती उद्योगाला अन्न विभागाची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते, मी स्वतः बसून भरून देतो. ताजं सँडविच, पोळीची गुंडाळी, उपमा. क्लासची पोरं, पहिल्या गाडीचे प्रवासी, नाईटवरून येणाऱ्या नर्स, गिऱ्हाईक तयार आहे. त्या बायकांना मजुरी मिळेल, म्हणजे "घरचं" फुकटात मागायची आपली सवयही जरा सुटेल.

उद्या गुरुवार. साडेबाराला मी थर्मामीटर घेऊन स्टँडसमोरच्या सगळ्या फ्रीझरांची झाकणं उघडायला सांगणार आहे. दुकानाचं नाव न घालता जो आकडा येईल तो संध्याकाळी इथेच टाकतो.