आम्ही चुकलो नाही, आम्हाला चुकवलं!

आमच्या गटाच्या बैठकीला एक मैत्रीण चांगली तासभर उशिरा आली. निघाली होती पाषाणहून, यायचं होतं कोथरूडला. चांदणी चौकाच्या नव्या पुलांच्या जाळ्यात डावीकडची फाट हुकली आणि बाईसाहेब थेट वारज्याला पोचल्या. तिथून वळून परत आल्या, तर पुन्हा भलत्याच रस्त्याला लागल्या. घामाघूम होऊन दारात उभी राहिली आणि पहिलं वाक्य काय बोलली? “सॉरी गं, मी वेंधळीच आहे. मला मेलीला रस्तेच कळत नाहीत.”

पुढच्याच आठवड्यात तिच्या दिरांची गाडी तिथेच चुकली. हे गृहस्थ पेशाने इंजिनीअर, हातात चारचाकी. घरी येऊन त्यांनी काय म्हणावं? “काय मूर्खासारखे फलक लावलेत! डिझाइनच चुकलंय.” घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

चूक एकच, जागाही एकच, पण निकाल मात्र दोन. तो चुकला तर दोष रस्त्याचा, ती चुकली तर दोष तिच्या बाईपणाचा. मैत्रिणींनो, एका वाहतूक-पुलाबद्दल या अंकात पानं का खर्च करायची, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर या दोन वाक्यांमध्येच आहे.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. जुना चांदणी चौक काही सुखाचा नव्हता. मुंबई-बंगळूर महामार्ग, मुळशीकडून उतरणारा रस्ता, कोथरूडचा पौड रस्ता, बावधन, पाषाण, एनडीए असे सगळे रस्ते तिथे एकमेकांच्या अंगावर येत. २०१७ साली नव्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं आणि पुढची सहा वर्षं धूळ, खड्डे, खोळंबा. ऑगस्ट २०२२मध्ये खुद्द मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफा तिथल्या कोंडीत सापडला, तेव्हा कुठे कामाला वेग आला. २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्रीनंतर जुना पूल स्फोटकं लावून पाडला. टीव्हीवर साऱ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या पुलांचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे ८६५ कोटी रुपये. रॅम्प, सेवारस्ते, भुयारी मार्ग सगळे मिळून रस्त्यांची लांबी जवळपास १७ किलोमीटर. एका चौकात १७ किलोमीटर! कोंडी कमी झाली हे खरं, आणि ते आम्ही नाकारत नाही. त्या कोंडीत कडेवर मूल घेऊन उभ्या असणाऱ्यांत आम्हीही होतो.

पण उद्घाटनाच्या फिती कापल्या न कापल्या तोच वाट चुकलेल्यांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. कोथरूडला निघालेला वारज्यात, मुळशीला निघालेला मुंबईच्या रस्त्याला. यावर विनोद झाले, व्यंगचित्रं झाली. विनोद करायला हरकत नाही. पण माणसं चुकतात का, हे कधी शांतपणे पाहिलं आहे का?

साधा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. फलकावर चार-पाच गावांची नावं आणि तितकेच बाण असतील, तर ते वाचून आपलं गाव कोणतं हे समजायला चार सेकंद तरी धरा. तेवढ्यात सत्तरएक मीटर रस्ता मागे पडला. मग मागची गाडी बघायची, हात किंवा दिवा दाखवायचा, मार्गिका बदलायची. म्हणजे फलक फाट्याच्या तोंडावर असून उपयोग नाही, तो कितीतरी आधी हवा, आणि एकदा दिसून पुरत नाही, दोनदा दिसला पाहिजे. फाट घेतल्यानंतर “तुम्ही बरोबर रस्त्याला आहात” असं सांगणारा आणखी एक हवा. यात बाईचा मेंदू, पुरुषाचा मेंदू असा काही प्रश्नच नाही. डोळे सगळ्यांना दोनच असतात.

त्यात अशा पुलांचा उफराटा न्याय असा की उजवीकडे जायचं असेल तर पुष्कळदा आधी डावीकडे वळावं लागतं, मग वर चढून, वळसा घालून पलीकडे उतरायचं. आयुष्यभर जी माणसं चौकात उजवीकडे बघून उजवीकडे वळली, त्यांना हे सांगितल्याशिवाय कसं कळणार? जुन्या चौकात निदान विचारता येत होतं. पानवाला होता, रिक्षावाले होते, सिग्नलला शेजारी उभा असलेला स्कूटरवाला होता. “दादा, पिरंगुटला कुठून?” एवढं विचारलं की काम भागे. रॅम्पवर विचारणार कोणाला? आणि थांबणार कुठे? मागून कंटेनर येतो आहे.

“पण मोबाइलवर नकाशा असतो की!” हे उत्तर ठरलेलं आहे. असतो ना. पण एकावर एक रस्ते असले की आपण वरच्यावर आहोत की खालच्यावर, हे त्या नकाशालाही पुष्कळदा कळत नाही. आणि स्कूटरवर, डोक्याला शिरस्त्राण, तोंडाला ओढणी, मागे मूल, अशा अवतारात फोन बघायचा तरी कसा? ८६५ कोटींचा रस्ता वापरायला ज्याच्या-त्याच्या खिशातला फोन लागत असेल, तर तो रस्ता अपुराच राहिला म्हणायचं.

दुसरं उत्तर याहून वाईट: “होईल सवय.” सवय होते, कबूल. रोज जाणाऱ्याला पंधरा दिवसांत होते. पण सार्वजनिक रस्ता काय फक्त रोजच्यांसाठी असतो? पौडजवळच्या खेड्यातून आजारी सासूला घेऊन पहिल्यांदाच पुण्याच्या दवाखान्यात निघालेल्या बाईने सवय कुठून आणायची? ज्याला रस्ता माहीत आहे त्याला फलक लागतच नाहीत. फलक असतात ते नवख्यांसाठी. म्हणून नवखा माणूस सुखरूप पोचतो की नाही, यावरच रस्त्याचं माप घ्यायला हवं.

आता चुकण्याची किंमत बघू. एक फाट हुकली की काही किलोमीटर पुढे जाऊन वळून यावं लागतं. साहेबांची गाडी चुकली तर दहा-पंधरा मिनिटं आणि थोडं पेट्रोल जातं, कचेरीत “ट्रॅफिक” एवढा एक शब्द पुरतो. बाईचा प्रवास तसा सरळ नसतो. घर, पाळणाघर, नोकरी, येताना भाजी, दळण, मुलाची शिकवणी, औषधाचं दुकान अशी माळ असते ती. एक मणी घसरला की पुढचे सगळे घसरतात. पाळणाघराच्या ताई दाराशी ताटकळतात, शिकवणीबाहेर लेक एकटी उभी असते, घरी कुकर लागायला उशीर होतो. आणि मग “कुठे होतीस इतका वेळ?” या प्रश्नाला “पुलावर चुकले” हे उत्तर कितीजणींच्या घरात खरं मानलं जातं?

याहून मोठी किंमत पुढे आहे. एकीने सांगितलं, दोनदा चुकल्यावर नवऱ्याने स्कूटरची किल्ली काढून घेतली. मारून, ओरडून नव्हे हं, अगदी प्रेमाने. “तुला नाही जमायचं ते. मी सोडत जाईन.” आता तो जेव्हा मोकळा असेल तेव्हा ती जाणार. दुसरी भूगावची. शहरातली नोकरी चालून आली होती, पण घरच्यांचं मत पडलं, “त्या पुलांवरून रोज? नको.” फाटा हुकायला क्षण पुरतो, त्यापायी बाईचं जग मात्र कायमचं दोन किलोमीटरनी आखडतं. पुण्यातल्या मुली स्कूटर चालवतात याचं आपल्याला किती कौतुक! ती स्कूटर काही कोणी आंदण दिलेली नाही. पडून, खरचटून, घरच्यांशी भांडून एकेकीने मिळवली आहे. ज्या रस्त्यामुळे ती किल्ली परत खुंटीला लागते, त्या रस्त्याबद्दल बोलायला आम्हाला लाज वाटायचं कारण नाही.

आणि ज्यांच्याकडे स्कूटरही नाही त्यांचं काय? मुळशीकडच्या गावांतून बसने येऊन कोथरूड-बावधनला धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका, डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, बाहेरगावची बस पकडायला पिशव्या सांभाळत उभी राहणारी म्हातारी. या सगळ्या चौकात पायी असतात. पूल खुला झाला तेव्हा गाड्यांना सर्व दिशांना वाट होती, पण महामार्ग पायी ओलांडायची धड सोय नव्हती. धावत्या गाड्यांमधून जीव मुठीत धरून माणसं पलीकडे जात होती. पादचारी पुलाची मागणी नंतर करावी लागली, जणू चालणं ही मागाहून सुचलेली चैन आहे.

हे कोणाच्या दुष्टपणाने झालेलं नाही, मोजमापाने झालेलं आहे. आपल्याकडे रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. रस्त्याची क्षमता मोजताना सगळी वाहनं मोटारीच्या मापात मांडतात. खेड्यातल्या रस्त्यांसाठीच्या तिच्या १९९०च्या मार्गदर्शिकेत मोटार एक, तर दुचाकी अर्धी, बस किंवा ट्रक तीन आणि बैलगाडी आठ धरली आहे. बैलगाडीलासुद्धा आकडा आहे! चालणाऱ्या बाईला त्या कोष्टकात जागा नाही. कोणी म्हणेल, ते कोष्टक रस्ता किती अडतो हे मोजायला आहे, माणसं मोजायला नाही. आमची तक्रार हीच तर आहे. किती रस्ता अडतो हे मोजलं, पण किती माणसं पोचतात हे मोजायचं राहून गेलं. पन्नास बायका भरलेली बस त्या हिशेबात तीन मोटारींचा अडथळा ठरते. कामावर जाणाऱ्यांत पायी चालणाऱ्या बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे, हे २०११च्या जनगणनेत दिसलेलं आहे. तेव्हा चालणाऱ्याला गाळलं की सर्वांत आधी बाईच गळते.

“पुरुषही चुकतात, पुरुषही चालतात, मग हा बायकांचा प्रश्न कसा?” असं आमचेच काही मित्र म्हणतात. बरोबर आहे. रस्ता सुधारला तर त्यांचाही सुधारेल, आम्हाला काही वेगळा पूल नको आहे. पण हाल जेव्हा सर्वांचे होतात तेव्हा ते सारखे वाटले जात नाहीत. पुरुष वेळ गमावतो. बाई वेळ गमावते, वर बोलणी खाते आणि कधी कधी बाहेर पडायचा हक्कच गमावून बसते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. फलकावर लांबच्या महानगरांच्या नावांबरोबर कोथरूड, बावधन, भूगाव, वारजे ही जवळची नावं ठळक मराठीत हवीत, फाट्याच्या पुरेशी आधी, आणि फाट्यानंतर पुन्हा. रस्त्यावर, मार्गिकेतच, गावाचं नाव रंगवावं. मान वर करून वाचण्यापेक्षा समोर बघून वाचणं सोपं. कुठलाही नवा पूल खुला करण्याआधी तो रस्ता कधी न पाहिलेली माणसं त्यावर सोडून बघावीत: दुचाकीवरची बाई, रिक्षावाला, परगावचा चालक, आणि पायी चालणारी आजीसुद्धा. ती चुकली तर नकाशा बदलावा, तिला हसू नये. बसथांबा आणि ओलांडायची जागा पहिल्या आराखड्यातच असावी. आणि आराखडा ठरतो त्या खोलीत रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या बायका असाव्यात, हार-तुरे द्यायला नव्हे, बोलायला.

ही काही एका चौकाची गोष्ट नाही. विद्यापीठ चौकातला पूल २०२० साली पाडला, तिथे नवा दुमजली आला. असे पूल पुढेही पडत राहतील, उभे राहत राहतील. प्रत्येक वेळी उद्घाटनानंतर ओरडायचं, की आधी विचारायचं, हे आपण ठरवायचं आहे.

एक काम आजपासून करू या. डिक्कीत एक छोटी वही ठेवा. जिथे वाट चुकाल तिथली तारीख, वेळ, कुठून कुठे निघाला होतात, फलकावर काय होतं आणि काय नव्हतं, एवढं घरी पोचल्यावर लिहा. पायी ओलांडताना कुठे थांबावं लागलं, तेही लिहा. वीस जणींच्या वीस वह्या एकत्र टेबलावर ठेवल्या की “बायकांना रस्ते कळत नाहीत” असं म्हणणं कोणत्याही साहेबाला जड जाईल. वह्या आमच्याकडे पाठवा, आपण त्या घेऊन मिळून जाऊ.

आणि पुढच्या वेळी उशिरा आलात, तर दारातून माफी मागत येऊ नका. त्या मैत्रिणीला आम्ही त्या दिवशी पाणी दिलं, बसवलं आणि तिचं वाक्य दुरुस्त केलं. “मी चुकले” नव्हे. “मला चुकवलं.”